घरचा फाइल सर्व्हर: शेअर कधी दिसतो कधी नाही, कॉपी ११ एमबीवर अडकते, आणि एकदा फोल्डर चक्क रिकामा

अक्षरजुळणी_सोलापूर

नमस्कार मंडळी,

मी घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांची वार्षिकं, आणि गणपती झाले की दिवाळी अंक. सगळ्या फायली एकाच ठिकाणी राहाव्यात म्हणून तळमजल्यावरच्या जुन्या आय-थ्री पीसीवर उबुंटू लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरच्या फायली विंडोजला वाटून देणारा प्रोग्राम) टाकून फाइल सर्व्हर केला आहे. फायली ४ टीबीच्या यूएसबी डिस्कवर आहेत. डिस्क मोठी, साडेतीन इंची, तिला स्वतःचा अडॅप्टर आहे. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेते, ती कपाटात असते.

सर्व्हर वापरणारी यंत्रं तीन. वरच्या खोलीत माझा नवा पीसी, विंडोज ११ प्रो, भिंतीतून आलेल्या केबलवर. खाली ऑपरेटर ताईंचा विंडोज ७, कारण जुने फॉन्ट आणि डोंगलवालं सॉफ्टवेअर फक्त त्यावरच चालतं. तिसरा मुलीचा लॅपटॉप, वायफायवर. फायबर कंपनीचा राउटर जिन्यापाशी आहे. त्याची रेंज कामाच्या खोलीत येत नव्हती म्हणून खाली आमचा स्वतःचा राउटर लावला. सर्व्हर, माझा पीसी आणि ऑपरेटर ताईंचा पीसी या आमच्या राउटरला जोडलेले आहेत.

आता त्रास. विंडोज ७ वर ‘नेटवर्क’ उघडलं की सर्व्हर कधी दिसतो, कधी नाही. माझ्या नव्या पीसीवर तर तो यादीत कधीच आला नाही. दोन उलटे स्लॅश देऊन १९२.१६८.०.२० टाकलं की पोहोचतो, पण ज्या फोल्डरला पासवर्ड नाही तो उघडत नाही. तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे, असं काहीतरी येतं. मुलीच्या लॅपटॉपवरून सकाळी सगळं छान चालतं आणि संध्याकाळी वर जाऊन बसली की सर्व्हर सापडतच नाही, आयपी टाकूनही नाही.

वेगाचं म्हणाल तर ऑपरेटर ताईंच्या पीसीवर कॉपी सेकंदाला ९०-१०० एमबीने होते. माझ्याकडे ११ च्या वर काटा हलत नाही. मागच्या अंकाचा ४० जीबीचा फोल्डर खाली आणायला तास जातो.

आणि सगळ्यात भीती वाटली ती ही गोष्ट: मागच्या आठवड्यात लाइट गेली आणि आली, त्यानंतर फोल्डर उघडला तर आत काहीच नाही. काळजाचं पाणी झालं. सर्व्हर बंद करून चालू केला तेव्हा फायली परत आल्या. पण त्या संध्याकाळी ऑपरेटर ताईंनी टाकलेल्या जाहिराती मात्र त्यात नाहीत. त्या म्हणतात मी टाकल्या, आणि त्यांच्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (नेटवर्कवर फायली वाटायची विंडोजची जुनी भाषा) चालू करा, सगळं दिसायला लागतं. करू का? दिवाळी अंकाची पानं लागायला सुरुवात झालीय, काहीतरी पक्कं करून घ्यायचंय.

---

डबा_घ्या

ताई, तयार नॅसचा डबा (नेटवर्कवर फायली ठेवायचं तयार यंत्र) घेऊन टाका. दोन डिस्क घालायच्या, विषय संपला. जुन्या पीसीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

---

तारजोड_नागपूर

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: एसएमबी १ चालू करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या भोकातून. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, तरी ज्यांनी ती टाकली नव्हती त्यांची मशीनं गेली. त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ नव्या मशीनवर बसवणंच बंद केलं, आणि सांबानेही ४.११ पासून तो मुळातच बंद ठेवला आहे. लोकांच्या आयुष्यभराच्या फायली असलेल्या सर्व्हरसाठी तो परत उघडायचा, तेही फक्त यादीत नाव दिसावं म्हणून, हे मला पटत नाही.

डब्याबद्दल: तुमच्या घरची केबल, दोन राउटर आणि लाइट जशी आहे तशीच राहिली तर डबाही ११ एमबीच देईल आणि डबाही संध्याकाळी गायब होईल. तुमचा पीसी या कामाला भरपूर आहे.

तुमच्याकडे चार निरनिराळे बिघाड एकाच वेळी चालू आहेत आणि बाहेरून ते सगळे ‘शेअर गायब’ असेच दिसतात. यादीत नाव दिसणं, नावाने किंवा आयपीने पोहोचणं, आत शिरायची परवानगी मिळणं आणि डिस्क जागेवर असणं, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत आणि ती वेगवेगळे प्रोग्राम करतात. एक-एक वेगळं तपासा.

यादी. विंडोज ७ वर दिसणारी जुनी यादी नेटबायोसची, म्हणजे मशीनांनी एकमेकांना नाव सांगायच्या जुन्या पद्धतीची. प्रत्येक मशीन साधारण १२ मिनिटांनी हजेरी लावतं, ओळीने तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटतं. ही यादी कोण सांभाळणार याची त्या मशीनांमध्ये आपापसात निवडणूक होते आणि प्रत्येक वेळी मशीन चालू-बंद झालं की ती परत होऊ शकते. म्हणून कधी आहे, कधी नाही. शिवाय ती यादी मागायची भाषा एसएमबी १ आहे. सर्व्हर निवडून आला आणि त्याच्याकडे एसएमबी १ बंद असेल, तर विंडोज ७ ला यादी मिळतच नाही. विंडोज ११ तर या भानगडीत पडतच नाही, ते डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या नव्या पद्धतीने शोधतं, आणि सांबाला ती येत नाही. त्यासाठी उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. तो टाका, फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ उघडा. मिनिटभरात नाव येईल.

पण माझं ऐकाल तर रोजच्या कामासाठी यादीवर विसंबूच नका. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी कायमचा बांधून घ्या आणि तिन्ही मशीनवर त्या आयपीने ड्राइव्ह मॅप करा, म्हणजे शेअरला कायमचं ड्राइव्हचं अक्षर द्या. यादी आली-गेली तरी काम थांबत नाही.

गेस्ट. विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीत एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर सही) सक्तीचं झालं आणि गेस्ट प्रवेश बंद झाला. त्या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत: पाकिटांवर सही करायची तर पासवर्डातून तयार झालेली किल्ली लागते, गेस्टकडे ती नसते. ‘ऑर्गनायझेशन’ हा शब्द घरच्या मशीनवरही तसाच येतो, घाबरू नका. सांबामध्ये स्वतःच्या नावाचा आणि ऑपरेटर ताईंच्या नावाचा वापरकर्ता करा, एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने पासवर्ड द्या, शेअरमधून गेस्ट काढून टाका. एक सांगून ठेवतो: पासवर्ड टाकताना ‘एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही’ अशी १२१९ क्रमांकाची चूक आली तर आधीची जोडणी तोडा. कमांड प्रॉम्प्टवर नेट यूज, तारा (*), स्लॅश डिलीट: net use * /delete. मग परत जोडा. रजिस्ट्रीत जाऊन सायनिंग बंद करायचे सल्ले मिळतील, ते घेऊ नका.

वेग. ११ हा आकडा बघितला की मी डिस्ककडे बघतच नाही. १०० मेगाबिटच्या जोडणीवर साडेबारा एमबी ही कागदावरची मर्यादा, हातात ११-साडेअकरा पडतात. गिगाबिटवर ११० च्या आसपास. ऑपरेटर ताईंना १०० मिळतात म्हणजे सर्व्हर, डिस्क आणि राउटर तिन्ही निर्दोष. तुमच्या पीसीवर सेटिंग्जमध्ये इथरनेटची लिंक स्पीड बघा. १००/१०० असेल. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात: केशरी आणि हिरवी. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली असेल, किंवा पंचच केलेली (सॉकेटच्या खाचेत दाबून बसवलेली) नसेल, तर दोन्ही टोकं गुपचूप १०० वर येतात. इंटरनेट चालतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. भिंतीवरच्या आयओ बॉक्सचं झाकण उघडून फोटो टाका.

मुलीचा लॅपटॉप कुठल्या वायफायला आहे ते सांगा. सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या, असं असणार.

रिकाम्या फोल्डरबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणणारे इथे आहेत, त्यांना लिहू देतो. तोवर एक करा: सर्व्हरवर काही पुसू नका, काही फॉरमॅट करू नका.

---

मध्यरात्रीचा_अ‍ॅडमिन

रिकाम्या फोल्डरचं मी लिहितो, कारण या धाग्यातली खरी धोक्याची गोष्ट तीच आहे. मंद कॉपीने वेळ जातो, यात फायली जातात.

लिनक्समध्ये डिस्क एका फोल्डरवर बसवतात, माउंट करतात. समजा तो फोल्डर ‘साठा’ आहे. डिस्क बसली की ‘साठा’मध्ये डिस्कवरचं दिसतं. डिस्क निघाली तरी ‘साठा’ हा फोल्डर राहतोच, कारण तो मूळ बूट डिस्कवरचा एक साधा रिकामा फोल्डर आहे. सांबाला यातलं काही माहीत नसतं. त्याला ‘साठा’ दाखव सांगितलंय, तो दाखवतो.

तुमची डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर आहे. तो अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे का, हे आज बघा. माझा अंदाज असा की पीसी इन्व्हर्टरवर आहे आणि डिस्क साध्या बोर्डावर. लाइट गेली, पीसी चालूच राहिला, डिस्क मात्र बंद पडली. सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा आणि माउंट सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) बघितलं की यंत्र नाही, त्याने माउंट काढून टाकला. लाइट आल्यावर डिस्क फिरायला लागली, पण ती आपोआप परत माउंट होईलच असं नाही. मधल्या वेळात सांबा तोच रिकामा फोल्डर सगळ्यांना दाखवत होता.

आता ऑपरेटर ताईंच्या जाहिराती. त्या फोल्डरला सगळ्यांना लिहायची परवानगी असेल, तर त्यांनी टाकलेल्या फायली बूट डिस्कवर, त्या रिकाम्या ‘साठा’मध्ये पडल्या. नंतर तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट केला, डिस्क त्याच फोल्डरवर बसली आणि तिच्याखाली त्या फायली झाकल्या गेल्या. त्या तिथेच आहेत. सांबा थांबवा, डिस्क अनमाउंट करा आणि मग ‘साठा’ उघडून बघा.

सापडल्या की त्या दुसरीकडे हलवा. फोल्डर रिकामा झाला की, डिस्क अनमाउंट असतानाच, त्याला चॅटर कमांडने प्लस आय (chattr +i, म्हणजे बदल बंद) लावा. मग त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा फाइल टाकता येत नाही. डिस्क वर बसली की काम नेहमीसारखं चालतं. डिस्क निघाली तर कॉपी करणाऱ्याला लगेच चूक दिसते. आपल्याला तेच हवंय, ओरडून सांगणारी चूक. सांबामध्येही सोय आहे: शेअरच्या भागात रूट प्रीएक्झेकला (जोडणी देण्याआधी चालणारी कमांड) ‘माउंटपॉइंट’ तपासणी द्या आणि रूट प्रीएक्झेक क्लोज ‘येस’ करा. डिस्क नसेल तर नवीन जोडणी मिळतच नाही. दोन्ही करा.

आणि एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे बसवायची ती यादी) डिस्क एसडीबी, एसडीसी अशा नावाने लिहिली असेल तर यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने लिहा. यूएसबी डिस्क परत आली की अक्षर बदलू शकतं.

---

अक्षरजुळणी_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सापडल्या!

सांबा थांबवला, डिस्क काढली, फोल्डर उघडला, आणि आत ‘जाहिराती_अंतिम’ नावाचा फोल्डर जसाच्या तसा. सराफांची पूर्ण पान, चादरींच्या दुकानाची अर्धं पान, बँकेची पाव पान. ऑपरेटर ताई शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मला दिसला. ‘मी टाकल्या होत्या’ हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या आणि ते शब्दशः खरं होतं. असं काही झालं तर आधी माणसाला नाही, माउंटला विचारावं, हे मी घरात सगळ्यांना सांगितलंय. चॅटर लावलंय. प्रीएक्झेकही लावलं आणि डिस्कची पिन काढून तपासलं: जोडणी नाकारली जाते, रिकामा फोल्डर दिसत नाही.

अडॅप्टरचं अगदी तुम्ही म्हणालात तसंच. पीसी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आणि डिस्क खालच्या साध्या एक्स्टेंशनवर. बदललं.

आयओ बॉक्स उघडला. केशरी, केशरी-पांढरी, हिरवी, हिरवी-पांढरी एवढ्याच तारा पंच केलेल्या. निळी जोडी सोलून वरच्या खोलीतल्या जुन्या लँडलाइनला दिलेली, चिकटपट्टी गुंडाळून. तपकिरी जोडी नुसतीच कापून मागे वळवलेली. वायरिंग झालं तेव्हा एकाच केबलमध्ये दोन्ही कामं उरकली असणार. लँडलाइन आता नाहीच, तर निळी मोकळी करता येईल का? आणि खालच्या टोकालाही तसंच असेल ना?

लॅपटॉप: वर बसली की तो फायबरवाल्या राउटरच्या वायफायला चिकटतो, तिथला आयपी १९२.१६८.१ ने सुरू होतो. खाली आमच्या राउटरला १९२.१६८.० ने.

---

तारजोड_नागपूर

फायली सापडल्या हे वाचून फार बरं वाटलं, ताई. ऑपरेटर ताईंना माझा नमस्कार सांगा.

हो, खालच्या टोकालाही निळी फोनच्या पेटीकडे गेलेली असेल. तिथूनही सोडवा, फोनच्या लाइनचा कुठलाही संबंध राहू देऊ नका. मग दोन्ही टोकांना आठही तारा एकाच क्रमाने पंच करा. ‘बी’ क्रम घ्या: केशरी जोडी १-२, हिरवी ३ आणि ६, निळी ४-५, तपकिरी ७-८. बॉक्सवर रंगाची चिठ्ठी असते, तिच्यातली ‘बी’ची ओळ बघून करा. जोडीचा पीळ पंचच्या तोंडापर्यंत राहू द्या, लांबच्या लांब उलगडू नका. तार कापल्यावर आतला रंग बघा. तांब्याचा असेल तर उत्तम. चंदेरी निघाला आणि तार वाकवताना पटकन तुटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आहे. ती आज चालेल, पण पंचपाशी सैल पडत राहील. तशी असेल तर त्याच नळीतून जुन्या केबलला बांधून नवी शुद्ध तांब्याची कॅट ६ ओढून घ्या.

लॅपटॉपचं कोडं सुटलं. तुमचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतोय आणि सर्व्हर त्याच्या आत आहे. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. मुलगी वर गेली की बाहेर पडते. उपाय: तुमच्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न करता फक्त वायफाय आणि जोडण्या देईल. तशी सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करा, त्याला स्वतःला १९२.१६८.१ मधला एक मोकळा आयपी द्या आणि फायबरवाल्या राउटरकडून येणारी केबल वॅनमधून काढून लॅनच्या भोकात घाला. मग घरभर एकच नेटवर्क.

क्रम महत्त्वाचा: आधी हे करा, मगच सर्व्हरचा आयपी बांधा, कारण त्याचा आयपी आता १९२.१६८.१ चा होणार आणि तो फायबरवाल्या राउटरमध्ये बांधावा लागणार. मॅप केलेले ड्राइव्हही नव्या आयपीने परत जोडा. आणि नेटवर्क बदललं की विंडोज ११ त्याला ‘पब्लिक’ समजतं आणि शोध बंद करतं. ते ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर डब्ल्यूएसडीडी टाकूनही नाव दिसणार नाही आणि तुम्ही त्याला दोष देत बसाल. पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफाय असेल तर त्यावरून सर्व्हर दिसू नये, तसंच राहू द्या.

---

मध्यरात्रीचा_अ‍ॅडमिन

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर लाइट बदलताना जो उशीर होतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, आणि आता डिस्कही त्याच लाइनवर आहे. पीसीच्या बायॉसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याची सोयही लावून ठेवा, इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण उतरली तर कामाला येईल. दोन्ही राउटरही इन्व्हर्टरवरच हवेत.

---

अक्षरजुळणी_सोलापूर

केबल तांब्याचीच निघाली. दोन्ही टोकं आठ तारांनी पंच करून घेतली, लिंक स्पीड १०००/१००० दाखवते. तोच ४० जीबीचा फोल्डर कॉपी केला, काटा १०८ ते ११२ मध्ये राहिला. मोठी कोरलची फाइल थेट सर्व्हरवरून उघडते, आधी डेस्कटॉपवर आणून काम करायची वेळ येत नाही.

घरभर एक नेटवर्क झालं. लॅपटॉप वर-खाली कुठेही चालतो. नव्या पीसीवर ‘प्रायव्हेट’ केल्यावर लगेच सर्व्हरचं नाव आलं. १२१९ ची चूकही आलीच होती, सांगितलं तसं केलं.

एकच राहिलं. विंडोज ७ वर यादीत सर्व्हर अजूनही कधी असतो, कधी नसतो. मॅप केलेला ड्राइव्ह मात्र व्यवस्थित चालतो. त्या मशीनला हात लावू का?

---

तारजोड_नागपूर

यादीसाठी लावू नका. विंडोज ७ ला एसएमबी २.१ येतो, म्हणून ड्राइव्ह नीट चालतोय, तेवढं पुरे. मात्र त्याला जानेवारी २०२० नंतर मायक्रोसॉफ्टकडून नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा राउटरमध्ये त्या मशीनचं इंटरनेट बंद करा, फक्त घरातलं नेटवर्क चालू ठेवा. ऑपरेटर ताईंना मेल लागत असेल तर तो दुसऱ्या मशीनवर. आणि त्यांच्या सांबा खात्याला फक्त चालू कामाच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्या, जुन्या अंकांचे फोल्डर वाचण्यापुरते. ते जुनं मशीन उद्या बाधित झालं तरी मागच्या वर्षांच्या अंकांना हात लागणार नाही.